प्रयोगानंतरचा प्रश्न

पुण्याच्या वेशीबाहेर असलेल्या एका खासगी विद्यापीठात मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं. विद्यापीठ मूळचं मॅनेजमेंटचं. बीबीए, बी.कॉम. आणि एमबीए हाच त्याचा जीव. आमचा विभाग मागाहून उघडलेला, चौथ्या मजल्यावरचा. सोमवारी सगळ्यांनी ब्लेझर घालायचा, तळमजल्यावरच्या पडद्यावर शेअर बाजाराचे आकडे सरकत असायचे आणि कँटीनमध्ये पॅकेज, समर इंटर्नशिप, प्री-प्लेसमेंट ऑफर यांपलीकडे बोलणं जायचं नाही. आम्हालाही पहिल्या वर्षी अकाउंटन्सी आणि मायक्रोइकॉनॉमिक्स सक्तीचं होतं. "मानसशास्त्रच करायचं होतं तर फर्ग्युसनला का नाही गेलीस?" असं घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा. इथे शिष्यवृत्ती मिळाली, एवढंच त्याचं उत्तर.

गंमत अशी, की मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन मला पहिल्यांदा भेटला तो मानसशास्त्राच्या नाही, अर्थशास्त्राच्या तासाला. मॅडमनी वर्गात दोन प्रकारचे कागद वाटले. एका साथीत 600 माणसं मरतील असा अंदाज आहे. दोन उपायांतला एक निवडा. अर्ध्या वर्गाच्या कागदावर होतं : पहिल्या उपायाने 200 जण नक्की वाचतील, दुसऱ्याने सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. उरलेल्यांच्या कागदावर हेच गणित मरणाच्या भाषेत : 400 नक्की मरतील, किंवा कुणीच न मरण्याची शक्यता एक तृतीयांश. हात वर करायला सांगितल्यावर वर्ग सरळ दुभंगला. वाचण्याची भाषा वाचलेल्यांनी खात्रीचा उपाय घेतला, मरणाची भाषा वाचलेल्यांनी जुगार. ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी 1981 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला तेव्हा पहिल्या गटातल्या 72 टक्के लोकांनी खात्रीचा उपाय निवडला होता आणि दुसऱ्या गटातल्या 78 टक्क्यांनी जोखमीचा. काहनेमनला 2002 साली नोबेल मिळालं तेही अर्थशास्त्राचंच.

पुढच्याच सत्रात मार्केटिंगच्या तासाला हाच प्रयोग पुन्हा आला. तिथे त्याचा निष्कर्ष एका स्लाइडवर मावला : ग्राहकाला काय मिळेल ते सांगू नका, काय हातचं जाईल ते सांगा. मी अस्वस्थ झाले. निष्कर्ष चुकीचा नव्हता. पण ज्या माणसाचं मन वळवायचं, तो स्लाइडवर कुठेच नव्हता.

आमच्या प्रॅक्टिकलमध्ये तो असायचा. मिरर ड्रॉइंग मानसशास्त्र शिकलेल्या सगळ्यांनाच आठवत असेल : हात झाकलेला, आरशात पाहून ताऱ्याच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची, वेळ आणि चुका मोजायच्या. सूचना शब्द न बदलता वाचायच्या, सब्जेक्टची संमती आधी घ्यायची, मधेच उठून जायची मुभा आहे हे सांगायचं. आणि सगळं संपल्यावर विचारायचं, की हे करताना तुम्हाला काय वाटलं, काय सुचत होतं? त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत जर्नलमध्ये उतरवायचं. आम्ही त्याला नुसतं 'इन्ट्रोस्पेक्शन' म्हणायचो. बरीच मुलं ते सबमिशनच्या आदल्या रात्री मनाने लिहून टाकत. मला मात्र संपूर्ण जर्नलमध्ये तेवढाच भाग पुन्हा वाचावासा वाटायचा. आकड्यांत दोन मुली सारख्याच दिसत; एकीने लिहिलेलं असे की शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आठवल्या, दुसरीने लिहिलेलं असे की मुद्दाम सावकाश केलं, कारण चुकले तर तू हसशील.

तिसऱ्या वर्षी कन्झ्युमर बिहेव्हियरचा प्रोजेक्ट बीबीएच्या दोन मुलांबरोबर होता. आम्ही जेवण मागवण्याच्या ॲपचं नकली पान बनवलं. एका आवृत्तीत 'दहा रुपयांचा डिलिव्हरी विमा' या चौकोनात आधीच टिक केलेली, दुसरीत चौकोन रिकामा. अपेक्षेप्रमाणेच झालं, आधीच केलेली टिक बहुतेकांनी तशीच राहू दिली. मुलं खूश, पीपीटी जवळजवळ तयार. मी हट्ट धरला की प्रत्येकाला मागाहून विचारायचं. "अगं, रिझल्ट आलाय ना, आता काय विचारायचं?" असं म्हणत का होईना, दोघं माझ्याबरोबर फिरले. काहींनी चौकोन पाहिलाच नव्हता. काहींना दहा रुपयांसाठी डोकं लावायचं नव्हतं. मेसमधल्या मावशी म्हणाल्या, "बाळा, ते काढलं तर ऑर्डरच जाणार नाही असं वाटलं मला." आमच्या तक्त्यात या सगळ्यांची नोंद एकच होती : विमा स्वीकारला.

मावशींचं वाक्य आम्ही अहवालात जसंच्या तसं घातलं. मार्केटिंगच्या सरांनी त्यावर अर्धा तास वर्ग घेतला, हे त्यांचं मोठेपण. त्याच वर्षी, नोव्हेंबर 2023 मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या तेरा प्रकारांत ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात काहीतरी घुसडणं हाही एक आहे. आमच्या नकली पानावरचा चौकोन त्याच यादीत बसणारा होता.

मॅनेजमेंटच्या मुलांना माणसांशी देणंघेणं नसतं, असं आमच्या विभागात सर्रास बोललं जायचं. मला ते पटलेलं नाही. "बरं, हे कळलं; मग आता करायचं काय?" हा प्रश्न मी त्यांच्याकडूनच शिकले. आणि या दोन विषयांचं नातं काही आजचं नाही. भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग 1916 मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्गकडे शिकले होते, आणि म्युन्स्टरबर्ग म्हणजे उद्योगांच्या मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक.

हॉथॉर्नचे प्रयोग आम्हाला दोन्हीकडे शिकवले गेले. शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, 1924 पासूनचे उजेड कमी-जास्त करण्याचे प्रयोग, आणि 'आपल्याकडे कुणी पाहतंय म्हटल्यावर माणूस जास्त काम करतो' हे सार. परीक्षेला तेवढं पुरतं. पण त्याच कारखान्यात 1928 ते 1930 या काळात 20 हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. आधी ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार विषय सोडून भलतंच बोलतात असं दिसल्यावर पद्धतच बदलली आणि मुलाखत घेणारे त्यांना हवं ते बोलू देऊ लागले. एवढी मोठी गोष्ट आमच्या दोन्ही पुस्तकांत तळटीपेएवढी होती, याचा मला आजही राग येतो.

मी पुढे क्लिनिकलला जाणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मी एम.ए.ला औद्योगिक मानसशास्त्र घेतलं. आईने विचारलं, "म्हणजे कंपनीचीच कामं करणार का गं?" मी हो म्हटलं. माणसं दिवसातले आठ-नऊ तास कंपनीत काढतात, आणि तिथे त्यांचा अप्रेझल फॉर्म भरला जातो. हे करताना तुम्हाला काय वाटलं, असं त्यांना कुणी विचारत नाही. मला ते काम करायचं आहे, आणि ते मला त्या ब्लेझरवाल्या विद्यापीठात सापडलं.