दोन पाडव्यांमधली रेषा

सरळ रेषा काढायला दोनच गोष्टी पुरतात: ती कुठून निघते आणि कशी चालते. निघण्याच्या जागेला गणितात य-अंतःखंड म्हणतात, चालण्याच्या रीतीला चढ. भंडारा जिल्ह्यात ही दोन्ही मापे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांत पाहावीत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने जमिनीचा उतार ओळखून या तलावांच्या पाळी घातल्या. जादा पाण्यासाठी सलंग ठेवला, धानाच्या बांध्यांना पाणी सोडायला तुडुम. समजा, दिवाळीच्या पाडव्याला अशा तलावात ३०० सेंटिमीटर पाणी आहे आणि ते रोज २ सेंटिमीटर उतरते. क्ष दिवसांनी उरलेली पातळी य धरली, तर समीकरण झाले, य = ३०० − २क्ष. उभ्या अक्षावर ३०० पाशी ठिपका द्यावा. चढ उणे २, म्हणून तिथून १० दिवस उजवीकडे आणि २० सेंटिमीटर खाली सरकून दुसरा द्यावा, आणि पट्टी लावून रेघ ओढावी. ती आडव्या अक्षाला १५०व्या दिवशी, म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास टेकते. उन्हाळी धान तेव्हा बांधीत उभेच असते.

कोणी म्हणेल, क्षला तीन किमती देऊन कोष्टक भरले तरी हीच रेघ येते. येते खरी, पण कोष्टकातल्या प्रत्येक आकड्यात साठा आणि खर्च मिसळून गेलेले असतात. चढ आणि अंतःखंड त्यांना वेगळे करतात, आणि उपायही वेगळे दिसू लागतात. गाळ उपसला की ३०० वाढतात, अख्खी रेघ वर सरकते. पाणी जपून सोडून रोजची उतरण दीड सेंटिमीटरवर आणली, तर पहिला ठिपका जागचा हलत नाही, पण रेघ २०० दिवस चालते, थेट मे महिन्यात पोचते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: तलावाचा तळ खोलगट, उन्हाळ्याची वाफ जास्त, मग पाणी सरळ रेषेत उतरेलच कसे? नाहीच उतरणार. पसारा आटत जाईल तशी पातळी भराभर घटेल आणि खरी रेघ आपल्या रेषेच्या खाली वाकेल. पण किती वाकली, हे कळायला सरळ रेषा आधी काढलेली हवी. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि अनेकांत गाळ साचत राहिला. आज खर्च उपशावर करायचा की पाणीवाटप सुधारायचे, हे ठरवताना ग्रामसभेपुढे एखाद्या शाळकरी मुलीने काढलेला असा आलेख असायलाच हवा.