पानाखाली पाय

आमच्या वऱ्हाडात 'पाहा'चं 'पाय' होतं. त्यामुळे आजी वावरात "पानाखाली पाय" म्हणाली की सुटीत आलेला मामेभाऊ वाकून आपलेच पाय बघायचा.

आजीला मोतीबिंदू झालेला. पऱ्हाटीच्या पानावरचं तिला दिसत नसे, पण ती पानावरून बोट फिरवून सांगायची. पान चिकट लागलं की म्हणायची, "याच्यावर काही नाही. याच्या वरच्या पानाच्या पोटाले पाय." वरचं पान उलटं केलं की खरंच तिथं माव्याचा थर बसलेला असायचा. मावा पानाचा रस पितो आणि त्याची गोड विष्ठा खालच्या पानावर ठिबकते. मग ते पान तूप चोपडल्यासारखं चकाकतं, मुंग्या येतात, शेवटी त्यावर काजळी चढते. पानाच्या कडा पिवळ्या-लाल होऊन खाली वळल्या की ते काम तुडतुड्यांचं. आजी त्यांना 'तिरपे' म्हणायची, कारण हात लावला की ते तिरके पळतात.

लिंबाच्या कोवळ्या पानावर मात्र तिची मती चालत नसे. पांढरी, वेडीवाकडी, चांदीच्या तारेसारखी रेघ. "सटवाई लिहून गेली असंन," म्हणायची. ती नागअळी, हे मला फार उशिरा कळलं. पानाच्या दोन पदरांमधला गर खात ती पुढं सरकते. रेघ सुरुवातीला केसाएवढी असते, अळी वाढते तशी रुंद होत जाते. रेघेच्या मधोमध बारीक काळी ओळ असते, ती तिची विष्ठा. म्हणजे सटवाईनं नाही, जिचं नशीब तिनंच लिहिलेलं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच.

मी चौथीत होतो. पोळ्याच्या आसपास पऱ्हाटीवर मावा आला. बाबा म्हणाले, "अळ्या दिसल्या त वेचून टाक." मी रॉकेल घातलेलं डबडं घेऊन निघालो. माव्याच्या गर्दीत मला काळ्या, खरबरीत, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या सहा पायांच्या अळ्या दिसल्या. हुबेहूब सुसरीची पिल्लं! एवढा भेसूर प्राणी पिकाचा वैरीच असणार. दोन दिवसांत डबड्याचा तळ दिसेना. बाबांनी खूश होऊन चार आणे दिले. आजीनं एक अळी तळहातावर घेतली, बराच वेळ चालू दिली. म्हणाली, "हे त पान खात नाही. याले पानावर भोक कुठं आहे?" कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही; माझ्या मुठीत चार आणे होते.

पुढच्या पंधरवड्यात मावा असा काही वाढला की वावरातून चालताना चड्डी चिकट व्हायची. पानं काळी पडली. बाबांनी उधारीवर औषध आणून दोन फवारे मारले. दुसऱ्या फवाऱ्याच्या रात्री ते भडभडून ओकले, आईनं अख्खी रात्र कंदील विझवला नाही. त्या दिवाळीला घरात कोणालाच कापड आलं नाही.

आठवीत एका सरांनी भिंग आणलं होतं. त्यांनी काचेच्या बरणीत एक फांदी ठेवली, आणि फांदीवर माझी ती सुसर! ती एकामागून एक मावा फस्त करत होती. मग तिनं शेपटीकडून स्वतःला पानाला चिकटवून घेतलं आणि हालचाल बंद केली. पाच-सहा दिवसांनी बरणीत काळ्या ठिपक्यांचा लाल ढालकिडा फिरत होता. तोच, जो आम्ही पोरं काडेपेटीत सांभाळायचो. वर्ग टाळ्या वाजवत होता. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेलो.

आता वाटतं, सगळा दोष माझ्या डबड्याचा नसणार. त्या वर्षी आभाळ सारखं भरलेलं होतं, आणि ढगाळ हवेत मावा तसाही माततो. पण आठवीतल्या पोराला ढगाचं काय!

बाबांना सांगायला मला वीस वर्षं लागली. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला. "मले तरी कुठं मालूम होतं? चार आणे त म्याच देल्ले होते." थोड्या वेळानं म्हणाले, "तुई आजी बोलली होती."

आता वावर धाकटा भाऊ पाहतो. पुण्यात माझ्या मोबाइलवर त्याचे फोटो येतात. 'दादा, हे काय व्हय?' परवा आला तो तुरीच्या पानाचा, कडेनं बांगडीनं कापल्यासारखे गोल तुकडे नेलेले. ती पानकापी माशी. पान खात नाही, घरट्याच्या अस्तराला नेते. मी लिहिलं, 'राहू दे तिला.' कालच्या फोटोत नुसतं पिवळं पडलेलं पान होतं, वरून काढलेलं. त्यावरून मला काही सांगता येईना.

मी उत्तर पाठवलं, 'पानाखाली पाय.'