शब्दांचा परवाना

आमच्या आदिलाबादेत दारूदुकानाच्या पाटीवर ‘वाइन्स’ असते. आत बहुधा व्हिस्की आणि बिअर. खेड्यातला चोरटा गुत्ता ‘बेल्ट शॉप’, गुळाची हातभट्टी ‘गुडुंबा’. पैनगंगा ओलांडली की ‘परमिट रूम’ भेटते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातला परवाना त्या नावात अजून शिल्लक आहे. १८० मिलिलिटरची ‘क्वार्टर’ मात्र दोन्ही तीरांवर एकच. मला खटकते ते निराळेच. ‘दारू पितो’ म्हटले की मान खाली जाते, ‘ड्रिंक्स घेतो’ म्हटले की प्रतिष्ठा लाभते. मोहाची पिणारा गोंड आपल्या लेखी दारुडा, बारमध्ये बसणारा मात्र ‘सोशल ड्रिंकर’. परक्या शब्दाआड व्यसन लपते; घर चालवणाऱ्या बाईला मात्र दोहोंचा अर्थ एकच कळतो.