निधान आणि निदान

पावसाळ्याच्या तोंडावर चिकोडी-निपाणी रस्त्याला शेणखताच्या डंपिंग ट्रॉल्या लागतात. उचललेली ट्रॉली कुणी दांडा न हलवता हळूहळू खाली यायला लागली, की आमच्याकडे म्हणतात, ‘जॅक बसतोय.’ पाठोपाठ निकालही तयार असतो: ‘पॅकिंग गेलं, बदलून टाका.’

आमच्या भागातले एक मेस्त्री हा निकाल घाईने देत नाहीत. ‘ताई, निधान बघूया,’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे सावकाश. मराठीत ‘निदान’ म्हणजे दोष ओळखणं. द आणि ध एवढाच फरक. साहित्याच्या विद्यार्थिनीला हे आवडणारच, पण त्यांचं काम बघितल्यावर कळलं की दोन्ही शब्द तिथे एकत्रच लागतात.

ट्रॉली रिकामी करून उचलायची, खाली जाड लाकडी टेकू लावायचे, वर थोडी फट ठेवायची. इंजिन बंद. मग बाहेर उभं राहून फट किती कमी होते ते मोजायचं. तेल बाहेर दिसतंय का? दांड्याच्या तोंडाशी ओल असेल तर पॅकिंग. पाइपच्या जोडावर असेल तर जोड. तिथे हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. दाबाखालचं बारीक तेल कातडीत घुसतं. बाहेर सगळं कोरडं असेल तर जॅकजवळचा कॉक बंद करायचा. बसणं थांबलं, तर जॅक निर्दोष. तेल व्हॉल्व्हमधून टाकीत परत चाललंय. नांगर उचलणाऱ्या लिफ्टचं वेगळं: तिचा सिलिंडर ट्रॅक्टरच्या पोटातच असतो, त्यामुळे पिस्टनची रिंग झिजली तरी बाहेर थेंब दिसत नाही.

आणि थोडं बसणं म्हणजे बिघाडच असंही नाही. गरम तेल थंड होताना आकसतं. जॅकमधला एक मीटर तेलाचा स्तंभ २० अंशांनी निवला, तर साधारण १४ मिलिमीटर कमी होतो. त्यानंतरही फट मिटत राहिली, तर गळती.

या सगळ्याच्या मुळाशी पास्कल आहे. ‘पाँसे’ लिहिणारा, श्रद्धेवर विचार करणारा तोच पास्कल (१६२३–१६६२). कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा त्याचा नियम. म्हणून एवढंसं तेल टनभर खत उचलतं, आणि म्हणूनच तो दाब प्रत्येक सीलवर, प्रत्येक जोडावर सारखाच बसतो. जो कच्चा, तो आधी सुटतो.

मला भीती वाटते ती या ‘हळूहळू’ची. सावकाश बसणाऱ्या ट्रॉलीची सवय होते. ‘बसते थोडी, चालतंय की,’ म्हणत माणूस ग्रीस मारायला खाली वाकतो. पण झिजलेला पाइप फुटायचा तर तो निधान फुटत नाही. मेस्त्री नवीन सील टाकल्यावरसुद्धा टेकूशिवाय खाली जात नाहीत. कुणी हसलं तर एवढंच म्हणतात, ‘तेलावर ट्रॉली ठेवायची, जीव लाकडावर.’