हाकेला ओ

माझं काम काय, असं आत्या विचारते तेव्हा मी सांगते, लांबच्या कॉम्प्युटरला हाक मारून काम सांगायचं. त्यावर ती म्हणाली, "आणि त्यानं ओ दिली नाही तर गं?" तिला कल्पना नाही, पण माझा पगार या एका प्रश्नावर चालतो.

आमच्यात याला रिमोट प्रोसीजर कॉल म्हणतात. दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच मशीनवर असल्यासारखं बोलवायचं. कल्पना जुनी आहे; बिरेल आणि नेल्सन यांचा त्यावरचा गाजलेला पेपर १९८४चा. वेबसॉकेट त्या मानानं पोरसवदा, २०११ साली प्रमाणित झालेलं. एरवी वेबवर ब्राउझरनं विचारायचं, मग सर्व्हरनं उत्तर द्यायचं. वेबसॉकेटमध्ये दार एकदा उघडलं की उघडंच राहतं आणि दोन्ही बाजू हव्या तेव्हा बोलतात.

पण एकदम दहा हाका गेल्या तर उत्तरं त्याच क्रमानं येतील असं नाही. म्हणून प्रत्येक हाकेला एक आयडी लावायचा, उत्तरानं तोच परत आणायचा. जेसन-आरपीसीची पद्धत हीच. ज्या निरोपाला आयडीच नाही, त्याला सर्व्हरनं उत्तर द्यायचं नाही, असाही त्यात नियम आहे. (आमच्या फॅमिली ग्रुपला हा नियम लागू झाला तर किती बरं होईल.)

आता खरी अडचण. आत्या रोज डेअरीला दूध घालते. अशाच संकलन केंद्रांसाठीच्या अॅपवर मी काम करते. दूध मोजलं, फॅट लागली, की केंद्रावरच्या फोनवरून 'नोंद कर' अशी हाक जाते. सर्व्हर नोंद करतो, 'झालं' म्हणतो, आणि नेमकी तेवढ्यात रेंज जाते. हाक पोहोचलीच नाही, की ओ वाटेत हरवली? फोनला दोन्ही अगदी सारखंच दिसतं. पुन्हा पाठवावं तर बारा लिटरचे चोवीस होणार. न पाठवावं तर एखादीचं सकाळचं दूध पाण्यात.

उघड्या दाराचा भरवसा इथे फसवा ठरतो. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की जुनी जोडणी मरते, पण सर्व्हरला ते लगेच कळत नाही. म्हणून अधूनमधून 'पिंग' पाठवायचं, 'पाँग' आलं तर समोरचा आहे. जोडणी निरोप न घेता तुटली की ब्राउझर १००६ हा आकडा देतो. हा आकडा समोरून कधीच येत नाही. नियमानं तो पाठवताच येत नाही. आपलीच बाजू आपल्याला सांगत असते, तिकडून काही निरोप आला नाही म्हणून.

जेसन-आरपीसीचा आयडी फक्त उत्तराची जोडी लावतो. आम्हाला त्यापलीकडचा क्रमांक हवा होता: दूध मोजताक्षणी फोनमध्येच तयार होऊन जपून ठेवलेला. रेंज आली की तीच नोंद त्याच क्रमांकानं पुन्हा जाते. सर्व्हरनं तो आधी पाहिला असेल तर नवी नोंद न करता जुनंच उत्तर देतो. टीममध्ये एकाचं म्हणणं होतं, एवढं कशाला, चुकलं तर हातानं दुरुस्त करू. ऑफिसात बसून म्हणायला सोपं आहे. दहा दिवसांनी बिल आल्यावर पावती घेऊन भांडायला जायचं असतं ते दूध घालणाऱ्या बाईला.

डिझाइनमध्ये हिरवी आणि लाल अशा दोनच खुणा होत्या. मी तिसरी, पिवळी मागून घेतली: अजून कळलेलं नाही. आता ती दिसली की केंद्रावरचा मुलगा फोन घेऊन रस्त्यापलीकडे जातो. तिथे रेंज येते.