पाठकोऱ्या पानांवरील गोष्टी

मनुष्य कला कशासाठीं निर्माण करतो, या प्रश्नाचें उत्तर आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. ११ व्या शतकांतील मम्मट आपल्या 'काव्यप्रकाशां'त काव्याचीं सहा प्रयोजनें सांगतो: कीर्ति, द्रव्य, व्यवहाराचें ज्ञान, अनिष्टाचें निवारण, तत्काळ लाभणारा परम आनंद आणि प्रिय पत्नीनें करावा तसा गोड उपदेश. हीं प्रयोजनें आम्हांस तरुणपणींच मुखोद्गत झालीं होतीं. त्यांचा पडताळा मात्र सेवानिवृत्तीनंतर आला, आणि तोही आमच्या घराच्या माजघरांत.

आमच्या थोरल्या वहिनींचें वय आज पंचाहत्तरीपुढें आहे. सहा वर्षांपूर्वीं आमचे दादा गेले. वर्षश्राद्ध उरकल्यावर वहिनींनीं एक नवाच परिपाठ सुरू केला. दुपारची निरवानिरव झाली कीं भिंतीवरील तारखेचें फाडलेलें पान त्या घेतात आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीनें तळहाताएवढें चित्र काढून खालीं चार ओळींची गोष्ट लिहितात. चित्रकलेच्या वर्गांत त्या कधीं बसल्या नाहींत. हात बसला तो रांगोळीवर.

एका पानावर कुंपणावरचा कावळा आहे. खालीं लिहिलें आहे: "हा रोज घासाला येतो. आधीं सासूबाई घालीत, मग मी घालूं लागलें, आतां सूनबाई घालते. कावळाही तोच नसावा. ओरडणें मात्र तेंच आहे." दुसऱ्या पानावर खुंटीला टांगलेली एक छत्री आहे. तिची गोष्ट याहूनही लहान आहे: "पाऊस आला. छत्री घरींच राहिली. कोणी भिजलें नाहीं."

या चित्रांत दादा नाहींत आणि शब्दांतही नाहींत. दोन्ही एकत्र पाहिलीं म्हणजे मात्र दादांवांचून दुसरें कांहींच दिसत नाहीं. आनंदवर्धनानें ध्वनि म्हणून जो सांगितला, तो याहून निराळा काय असणार? छत्रीच्या चित्राखालीं 'ही दादांची छत्री' एवढेच शब्द असते, तर चित्राचें काम शब्दांनींच उरकलें असतें आणि पाहणाराला करण्यास कांहीं उरलें नसतें.

चित्र व कथा यांची जोडी आपल्याकडे जुनीच आहे. १२ व्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासां'त चित्रकथकाचा उल्लेख आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे चित्रकथी आजही सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी बाळगतात व एकेक चित्र पुढें धरून, वाद्यांच्या साथीनें, रामायण-महाभारतांतील प्रसंग गाऊन सांगतात. ही परंपरा राखणारे श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री देण्यांत आली. तेथें चित्र डोळ्यांस थोपवून धरतें आणि कथा मनास पुढें नेते. रामकथा ऐकणारांस ठाऊकच असते. वहिनींची कथा घराबाहेर कोणासच ठाऊक नाहीं. एवढाच काय तो फरक.

हाच फरक गेल्या दिवाळींत वादास कारण झाला. पानें शेंकडों झालीं होतीं. पुतण्यानें त्यांचें पुस्तक छापण्याचा बेत मांडला आणि सुनांनींही त्यास दुजोरा दिला. वहिनी म्हणाल्या, "छापायचें म्हटलें कीं तें चांगलें काढावें लागेल. आतां मला खरें काढतां येतें."

"पण आई, तुझ्यामागें हीं वाळवी खाईल," पुतण्या म्हणाला. त्याचा आवाज किंचित् चढला होता. त्याचेंही चुकत नव्हतें. वडील त्याचेही गेले होते, आणि या पानांखेरीज त्यांच्याविषयीं घरांत कोणी फारसें बोलत नसे.

वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. "भावोजी, तुमचें शास्त्र काय म्हणतें?"

आम्हीं मम्मटाचीं प्रयोजनें सांगितलीं. कीर्ति व द्रव्य त्यांनीं हातानेंच बाजूस सारलें. अनिष्टनिवारणापाशीं त्या थबकल्या. सूर्यस्तुतीनें मयूर कवीची व्याधि गेली अशी आख्यायिका आहे, ती आम्हीं सांगितली. त्यावर त्या म्हणाल्या, "गेलें तर कांहींच नाहीं. पण रोज एवढें एवढें हातांत घेतां येतें."

शेवटीं तोड त्यांनींच काढली. पुस्तक नको, ज्यास जें पान हवें, त्यानें तें न्यावें व जपावें. पुतण्यानें छत्रीचें पान घेतलें. तें उलटून त्यानें तारीख पाहिली आणि कांहीं न बोलतां खिशांत ठेवलें.

दुःखाचें माप मोठें असतें. तें एकदम उचलत नाहीं. तळहाताएवढ्या पानावर त्याचा एक तुकडा मावतो, आणि तो दुसऱ्याच्या हातींही देतां येतो. मम्मटाच्या चौथ्या प्रयोजनाचा अर्थ आम्ही आतां असा लावतों. वाचकांच्या घरींही कोणा वडीलधाऱ्या बाईच्या पेटींत असे चिटोरे असतील. रद्दी काढतांना ते एकवार उलटून पाहावे, आणि ती बाई हयात असेल तर तिच्यापाशीं बसून पाहावे.