इरावती, चारही अक्षरांसकट

पुणे

प्रिय चिऊ,



लेकीचं नाव इरावती ठेवायचं तुझ्या मनात आहे, पण बर्लिनच्या पाळणाघरात, दवाखान्यात ते कुणाला म्हणता येईल का, त्यापेक्षा कागदोपत्री नुसतं ‘इरा’ लावावं का, असं तू विचारलंस. माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. कागदावर चारही अक्षरं लाव.

‘इरा’ म्हणजे पाणी, पेय, अन्न. ज्यानं तहान भागते, जीव तगतो ते. त्याला ‘वती’ जोडलं की ‘भरपूर पाणी असलेली’ असा अर्थ होतो. पद्मावती, भोगावती यांतलीच ही ‘वती’. याच नावाचं पुल्लिंगी रूप महाभारतात आहे: अर्जुन आणि नागकन्या उलूपी यांचा मुलगा इरावान. इंद्राच्या ऐरावताचं नावही याच कुळातलं.

पण मुळात हे नाव नदीचं. ऋग्वेदातल्या परुष्णीला पुढे इरावती म्हणू लागले. बोलता बोलता सुरुवातीची ‘इ’ गळाली, मधला ‘त’ विरला आणि पंजाबची रावी झाली. ‘जाती’ या फुलाची आपल्याकडे जाई झाली, तीही असाच ‘त’ गमावून. हेच नाव पूर्वेकडे ब्रह्मदेशातही पोचलं आणि तिथल्या सर्वांत मोठ्या नदीला मिळालं. तिथले लोक अजून अक्षर ‘र’चं लिहितात, उच्चार मात्र ‘य’ करतात, त्यामुळे कानाला ते ‘एयावदी’सारखं लागतं. इंग्रजांनी त्याचं ‘इरावाडी’ केलं. उच्चार देशोदेशी बदलले, पण मूळ नाव ओळखू येतं.

आपल्या पुण्यात हे नाव आलं ते याच ब्रह्मदेशाच्या नदीवरून. गणेश हरी करमरकर कापसाच्या कंपनीत नोकरीसाठी तिकडे होते. 1905 साली नदीकाठच्या मिंजान गावी त्यांना मुलगी झाली आणि त्यांनी तिला नदीचंच नाव दिलं. सातव्या वर्षी ती शिकायला पुण्यात, हुजूरपागेत आली. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी लेकीसारखी वाढली, फर्ग्युसनमध्ये शिकली, दिनकर कर्व्यांशी लग्न करून महर्षी कर्व्यांची सून झाली. 1939 पासून डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या, ‘युगान्त’ लिहिणाऱ्या, त्यासाठी 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या इरावती कर्वे त्या याच.

आता जे सांगते ते नीट वाच. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर सुनेचं नवं नाव लिहायची रीत होती, काही घरांत आजही आहे. त्या तांदळात किती नद्या गेल्या बघ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. आणि इरावतीबाईंच्या सासूबाई बाया कर्वे मूळच्या गोदूबाई, म्हणजे गोदावरीचंच नाव. 1893 साली महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. समाजाचा एवढा रोष पत्करून झालेल्या त्या धाडसी लग्नातही नाव बदलायची रीत टळली नाही. त्याच घरात पुढच्या पिढीत सून आली. तिचं आडनाव बदललं, नदीचं नाव तसंच राहिलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

‘परिपूर्ती’ या लेखात इरावतीबाईंनी आपली ओळख लोक कशी करून देतात ते लिहिलंय: अमक्यांची सून, तमक्यांची बायको, आणि शेवटी रस्त्यातल्या पोरांच्या तोंडून आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. नात्यांनी माणूस भरून पावतं हे खरंच. पण ती सगळी नाती लिहिणाऱ्या बाईचं स्वतःचं असं जे होतं, ते लेखाखाली छापलं आहे: इरावती.

तू म्हणशील, त्यांनाही ‘इरू’ म्हणत असतच की. म्हणत होते. 2024 साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्राचं नावही ‘इरू’च आहे. तू घरात इरू म्हण, इरा म्हण, वाटेल ते लाडाचं म्हण. घरातलं नाव मायेनं छोटं होतं. परक्याच्या सोयीसाठी आपणच आधी कापून दिलेलं नाव वेगळं. पूर्वी सासरच्या रीतीपुढे मुलीचं नाव जात असे, आता कचेरीतल्या फॉर्मपुढे जातं. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलेलं नसतं.

आणि तुला वाटतं तितकं ते अवघडही नाही. इ ऱ्हस्व, रा दीर्घ, व ऱ्हस्व, ती दीर्घ: लघु, गुरू, लघु, गुरू. रोमन लिपीत आय, आर, ए, डब्ल्यू, ए, टी, आय असं लिही. इरावतीबाईंच्या पुस्तकांवर हेच स्पेलिंग आहे. इंग्रजी वाचणारा त्याचं ‘आयरावाटी’ करील, पण जर्मन माणूस ‘आय’ला ‘इ’ आणि ‘डब्ल्यू’ला ‘व’ म्हणतो, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या. जोर ‘रा’वर द्या, ‘व’ लांबवू नका. आणि ‘ती’ म्हणताना जीभ दातांना लावा, नाहीतर ‘टी’ होते.

बर्लिनला हे नाव नवंही नाही. तिथल्याच विद्यापीठातून इरावती कर्व्यांनी 1930 साली डॉक्टरेट घेतली. विषय होता माणसाच्या कवटीचा असमतोलपणा. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. त्यांना हवा तसा वंशावंशांतला फरक या पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलीला कवट्यांत दिसला नाही, आणि दिसला नाही असंच तिनं लिहिलं. ज्या शहरात एका इरावतीनं आपल्या गुरूपुढे न दबता खरं ते मांडलं, त्या शहरात तुझ्या लेकीचं नाव आपण भीतभीत अर्धं करायचं?

बारशाला आत्या येणार आहेच. पाळण्याजवळ तिला लेकीच्या कानात पूर्ण नाव सांगायला सांग. पाळणाघरातल्या बाईंकडूनही पहिल्याच दिवशी दोन-तीनदा म्हणवून घे, संकोच करू नकोस. त्या शिकतील. मोठी झाल्यावर नाव छोटं करावंसं वाटलं तर तिचं ती करील. तो हक्क तिचा आहे, तिच्यासाठी राखून ठेव.

तुझी,
मावशी